पिक ड्रॉवरमध्ये ठेवलं, आता बोटांचं काय?

पत्र :

मी डोंबिवलीचा, वय ३४. कॉलेजपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. बँड होता, आता तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपुरता उरलाय. काही महिन्यांपूर्वी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घेतली. एक तर रात्री अ‍ॅम्प लावता येत नाही, आणि दुसरं म्हणजे स्पॅनिश संगीतकार तारेगाचं ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’ एकदा तरी वाजवायचंच आहे. डाव्या हाताला फारसा त्रास नाही, उजव्याने मात्र लाज काढलीय. आवाज पातळ येतो. मधूनच तार फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर, आपटून फट्ट वाजते. तर्जनी-मध्यमा आलटून पालटून वाजवताना बोटं एकमेकांत अडकतात. वीसेक मिनिटांत मनगटाच्या वर भरून येतं. करंगळी बॉडीवर टेकवल्याशिवाय हात स्थिर राहत नाही. नखं वाढवायची का? पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवलं तर पाप लागतं का? इलेक्ट्रिक सोडावी लागेल का? आणि वर्षभरात ‘रेकुएर्दोस’ जमेल का?
– एक पिकवाला

उत्तर :

प्रिय पिकवाले,

पाप वगैरे काही लागत नाही. नायलॉनच्या तारांवर पिक लावून वाजवणारे भरपूर आहेत आणि छान वाजवतात. पण तुम्हाला जे वाजवायचंय त्यात खालचा खर्ज, मधले स्वर आणि वरची चाल हे सगळं एकाच वेळी चालू असतं. पिक एका क्षणी एकाच तारेवर असू शकतं. तेव्हा ते तूर्त ड्रॉवरमध्ये.

तुम्ही तक्रारी चार-पाच लिहिल्या आहेत, पण मला त्यामागे दुखणं एकच दिसतं. पिक हवेतून येतं आणि तारेवर आदळतं. वर्षानुवर्षं तुमच्या हाताला तीच सवय आहे, आणि आता बोटंही तुम्ही तशीच वापरताय, हवेतून फटके मारत. क्लासिकल गिटारचं बोट तारेपासून सुरू होतं. आधी तारेवर जाऊन बसायचं, मग तार दाबायची, मग सोडायची. फट्ट आवाज, पातळ स्वर, अडकणारी बोटं, भरून येणारा हात, हे सगळं या क्रमातली पहिली पायरी गाळल्यामुळे होतंय.

एकच स्वर घ्या आणि सावकाश बघा. अंगठा सहाव्या तारेवर नुसता टेकवून ठेवा. मध्यमा पहिल्या, म्हणजे सर्वात पातळ तारेवर अशी ठेवा की टोकाचं मांस तारेला लागलेलं आहे आणि नखाची अंगठ्याकडची कडही हलकीशी लागलेली आहे. अजून आवाज नाही. आता तार गिटारच्या पोटाकडे किंचित दाबा. एखादा मिलिमीटर पुरे, पण तार दबलीय हे बोटाला जाणवलं पाहिजे. मग बोट तळव्याच्या दिशेने जाऊ द्या. हालचाल मुठीच्या मोठ्या सांध्यातून झाली पाहिजे, टोकाच्या पेरातून नाही. तार सुटली त्याच क्षणी बोटातला जोर संपला पाहिजे. तो संपला तर बोट आपोआप परत जागेवर येतं, परत आणावं लागत नाही. हे पन्नास वेळा करा आणि दर वेळी ‘बसलं, दाबलं, सुटलं’ हे तीन क्षण वेगवेगळे कळतायत का ते पाहा. कंटाळवाणं आहे. पण पहिल्याच दिवशी आवाज जाड झालेला तुमचा तुम्हाला ऐकू येईल.

फट्ट आवाजाचं कारण आता लक्षात आलं असेल. बोट आकड्यासारखं वाकवून तुम्ही तार गिटारपासून वर उचलताय. उचललेली तार सुटली की फ्रेटवर आपटणारच. हायब्रिड पिकिंग करणाऱ्यांचा, म्हणजे पिकबरोबर मध्यमा-अनामिकेनेही वाजवणाऱ्यांचा, हा हमखास दोष. तिथे तो टणक, झटकेबाज आवाज हवा असतो, म्हणून बोटांना तार उपटायची सवय लागते. तुम्हीही ते करत असाल तर मध्यमा-अनामिका आधीपासून कामाला लागलेल्या आहेत हा फायदा, पण दिशा बदलावी लागेल.

वाद्यातला फरकही जरा समजून घ्या. तुमच्या इलेक्ट्रिकवर बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंचाचा सेट असेल. नायलॉनची पहिली तार साधारण ०.०२८ इंचाची, म्हणजे जवळजवळ तिप्पट जाड. गंमत अशी, की सहा तारांचा एकूण ताण दोन्हीकडे जवळपास सारखाच, ४० किलोच्या आसपास असतो. तरी नायलॉन हाताला ढिला लागतो, डोलतो जास्त, आणि म्हणून तार फ्रेटपासून उंच ठेवावी लागते. बाराव्या फ्रेटवर ३ ते ४ मिलिमीटर, इलेक्ट्रिकच्या दुप्पट धरा. या डोलणाऱ्या तारेला हवेतून फटका मारला तर बोट नेमकं कुठे आणि किती खोल लागेल याचा भरवसा नाही. आधी बसवलेलं बोट चुकत नाही.

शिवाय अ‍ॅम्प तुमची बरीच पापं पोटात घालत होता. डिस्टॉर्शन लावलं की हलका फटका आणि जोराचा फटका जवळपास एकाच पातळीवर येतात, स्वर लांबतोही. इथे आवाजाचा जोर, जाडी, रंग सगळं उजव्या हाताच्या तीन-चार बोटांवर अवलंबून आहे. बोट ब्रिजकडे, म्हणजे पोटावर तारा बांधलेल्या असतात तिकडे, नेलं की आवाज धारदार, साउंडहोलच्या पुढे फ्रेटबोर्डकडे नेलं की मऊ. तुमचा टोन नॉब तो हाच.

आता सरावाबद्दल एक अप्रिय गोष्ट. तुमचा डावा हात चांगला आहे हीच तुमची अडचण आहे. कोरा विद्यार्थी दोन्ही हातांनी सारखाच कच्चा असतो, त्यामुळे निमूटपणे सोपं वाजवतो. तुम्ही डाव्या हाताला शोभेल अशी रचना उचलता आणि उजवा हात फरफटत मागून येतो. काही आठवडे डाव्या हाताला जवळजवळ सुट्टी द्या. मोकळ्या तारा वाजवा. त्याचा वीट आला की इटालियन गिटारवादक माउरो जुलियानीचे उजव्या हाताचे आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवायचे धडे, घ्या. १८१२ मध्ये व्हिएन्नात छापलेल्या त्याच्या ओपस १ मध्ये असे १२० आहेत, आणि सगळे सी मेजर आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर. डाव्या हाताला त्यात जवळजवळ काहीही करायचं नाही, हेच त्याचं मोल. १२० च्या १२० वाजवायची गरज नाही. पहिले दहा-बारा नीट करा.

आर्पेजिओत बोटं बसवण्याचे दोन प्रकार आहेत. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका असं चढत जायचं असेल, तर अंगठा वाजतो त्याच क्षणी बाकी तिन्ही बोटं आपापल्या तारांवर एकदम बसवायची. उलट उतरत यायचं असेल, तर एकेक. अनामिका वाजली की मध्यमा बसते, मध्यमा वाजली की तर्जनी बसते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बोट तारेवर बसलं की त्या तारेचा आधीचा नाद बंद पडतो. म्हणून संथ, गाणाऱ्या जागी पुढे ही सवय सैल करावी लागते, बोट अगदी शेवटच्या क्षणी बसवावं लागतं. पण सैल करायला आधी ती असावी लागते.

रेस्ट स्ट्रोक आधी की फ्री स्ट्रोक, यावर शिक्षकांची भांडणं होतात. रेस्ट स्ट्रोकमध्ये, ज्याला स्पॅनिशमध्ये आपोयांदो म्हणतात, तार सुटल्यावर बोट शेजारच्या तारेवर जाऊन थांबतं. फ्री स्ट्रोकमध्ये, म्हणजे तिरांदोत, ते शेजारची तार चुकवून तळव्याकडे जातं. आर्पेजिओला फ्री स्ट्रोकच लागतो, त्यामुळे बरेच शिक्षक हल्ली तोच आधी देतात. इलेक्ट्रिकवरून आलेल्यांना मी मात्र एका सुरावटीसाठी रेस्ट स्ट्रोक पहिल्या दिवसापासून देतो. त्यात तार वर उपटताच येत नाही. बोटाला उतरायला जागा असल्यामुळे हाताची धास्ती कमी होते. तुमचा शिक्षक याच्या उलट सांगत असेल तर त्याचं ऐका, तो तुमचा हात बघतोय, मी फक्त पत्र वाचलंय.

करंगळीचं बघू. ल्यूट हे जुनं तंतुवाद्य वाजवणारे करंगळी पाटीवर टेकवत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे कितीतरी गिटारवादकही टेकवत. म्हणजे तुम्ही काही नवीन गुन्हा करत नाही आहात. पण त्यांच्या वादनात अनामिकेला काम कमी होतं. आत्ता पंजा टेबलावर ठेवा, करंगळी जोराने दाबून धरा आणि अनामिका पटपट उचलून बघा. कशी जड झाली? दोघींची बांधणी आतून एकमेकींशी जोडलेली आहे. ट्रेमोलोत, म्हणजे ‘रेकुएर्दोस’मधल्या त्या अखंड थरथरत्या स्वरांत, अंगठ्यानंतर अनामिका सर्वात आधी वाजते, तिला बांधून चालणार नाही. करंगळी हवेत ताणूनही धरू नका, अनामिकेबरोबर सैल हलू द्या. हाताला आधार हवा तर तो दोन ठिकाणी आहे : कोपराच्या थोडं पुढे दंडाखालचा हात गिटारच्या कडेवर टेकतो तिथे, आणि सुरुवातीला खर्जाच्या तारेवर टेकवलेल्या अंगठ्यात.

बसण्याबद्दल थोडक्यात : गिटार डाव्या मांडीवर, डावा पाय फूटस्टूलवर किंवा मांडीवर सपोर्ट, हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, साधारण डोळ्यांच्या उंचीला. सोफ्यावर उजव्या मांडीवर घेऊन वाजवलंत तर मनगट मुडपतं आणि मग बाकीचं सगळं व्यर्थ. हात खाली सोडून झटका, तसाच सैल वर आणून तारांवर ठेवा. मनगट जवळजवळ सरळ, अंगठा तर्जनीच्या डावीकडे, बाहेर. अंगठा तळव्यात शिरत असेल तर तो तर्जनीच्या वाटेत येतो.

भरून येण्याचं कारण बहुतेक वेळा जोर लावणं हे नसतं. लावलेला जोर न सोडणं हे असतं. तर्जनी वाजून झाल्यावरही ताणलेली राहते, तोवर मध्यमा ताणली जाते, आणि दोघी एकमेकींविरुद्ध ओढत बसतात. म्हणूनच वर ‘सुटलं’वर इतका भर दिला. हात भरून आला की थांबा, दम काढून वाजवणं इथे कामाचं नाही. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल तर गिटारच्या मास्तरला नव्हे, डॉक्टरला दाखवा.

बोटं अडकण्यात एक भाग असा आहे जो तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल. इनसाइड आणि आउटसाइड पिकिंग तुम्हाला माहीत आहे. तार बदलताना पिक दोन तारांच्या मधून जातं की बाहेरून, त्यावर सोपं-अवघड ठरतं. इथेही तेच आहे. मध्यमा तर्जनीपेक्षा लांब, म्हणून दुसऱ्या तारेवर तर्जनी आणि मग पहिलीवर मध्यमा हे हाताच्या ठेवणीत बसतं. याच्या उलट आलं, म्हणजे दुसरीवर मध्यमा आणि पहिलीवर तर्जनी, तर बोटं एकमेकांवर चढतात. तुमचे थ्री-नोट-पर-स्ट्रिंग, म्हणजे दर तारेवर तीन स्वरांचे, स्केल इथे आणलेत तर आलटून पालटून वाजवताना दर तारेला वळण बदलतं, एकदा सोयीचं, एकदा गैरसोयीचं. तेव्हा अडतंय ती जागा शोधा आणि तेवढे चार स्वर वेगळे काढा. कुठे कोणतं बोट ते पेन्सिलने लिहून ठेवा, स्पॅनिश नावांची आद्याक्षरं वापरतात : अंगठा पी, तर्जनी आय, मध्यमा एम, अनामिका ए. आणि एकच बोट लागोपाठ दोनदा वापरायचं नाही. सगळे डाउनस्ट्रोक मारायची जुनी खोड तुमच्याकडे त्या रूपात डोकावतेच.

नखं. हा वाद दोनशे वर्षांचा आहे. स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोर नखांशिवाय वाजवायचा आणि त्याच्या १८३० च्या पुस्तकात त्याने नखांच्या आवाजाबद्दल नाक मुरडलंय. त्याच्याच काळातला गिटारवादक दिओनिसिओ आग्वादो नखांनी वाजवायचा. दोघं पॅरिसमध्ये घट्ट मित्र होते, सोरने दोन गिटारांची एक रचना आग्वादोला अर्पण केली, तिचं नावच ‘दोन मित्र’. तुमचा तारेगा आयुष्याच्या अखेरीला नखांशिवाय वाजवू लागला. मग विसाव्या शतकातल्या गिटारवादक सेगोवियाने मांस आणि नख दोन्ही मिळून लावायची पद्धत सभागृहांमध्ये इतकी रुजवली की आज बहुतेक तसंच वाजवतात. तुम्हीही तसंच करा, पण घाई नको. आखूड नखांनी पहिले दोन महिने बोट बसवणं शिका. मांसाला तार कुठे लागते हे कळल्याशिवाय नखाला आकार कुठे द्यायचा ते कळत नाही.

मग नख किती? तळवा तोंडासमोर धरून बोट डोळ्याच्या रेषेत आणलं की मांसावरून दीड-दोन मिलिमीटर नख दिसावं, त्याहून लांब नको. अंगठ्याकडच्या बाजूने कड सरळ उताराची ठेवा, म्हणजे तार तिच्यावरून घसरत जाऊन सुटते. खाच किंवा कोपरा राहिला की तार तिथे अडते, आणि ‘बोट अडकलं’ असं जे तुम्हाला वाटतं ते पुष्कळदा असं नख अडकलेलं असतं. आकार काचेच्या फाइलने द्या. नंतर हार्डवेअरच्या दुकानात गाड्यांच्या रंगकामाचा वॉटर पेपर मिळतो, तो १००० नंबरचा आणि मग २००० चा, नखाच्या कडेवर आणि खालून फिरवा. कड काचेसारखी गुळगुळीत हवी. गुंडाळलेल्या खर्जाच्या तारांवर जो खर्र आवाज येतो तो निम्मा याने जातो. भांडी घासल्यावर, पोहल्यावर लगेच वाजवू नका, ओलं नख मऊ पडतं आणि चिरतं. डाव्या हाताची नखं अर्थातच मुळापर्यंत कापा, बोटांची ही विषमता ऑफिसात कोणीतरी विचारेलच.

आता तुमच्या बाजूची एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिलीच नाही. जोरात डिस्टॉर्शन लावून वाजवणाऱ्याला नको ती तार गप्प ठेवायला शिकावंच लागतं. क्लासिकलच्या विद्यार्थ्यांना हे वर्षानुवर्षं ऐकूच येत नाही. मोकळी सहावी तार वाजली, कॉर्ड बदलली, तरी ती मागे घुमत राहते आणि सगळं गढूळ होतं. तुमच्या कानाला ते लगेच खटकेल. इथे ती अंगठ्याने बंद करायची. पाचवी तार वाजवल्यावर अंगठा मागे आणून सहावीला हलकेच टेकवायचा, किंवा पाचवी वाजवतानाच अंगठ्याची पाठ सहावीला लागू द्यायची. पाम म्यूटसुद्धा फुकट जात नाही. क्लासिकलमध्ये त्याला पित्सिकातो म्हणतात. तळव्याची कड ब्रिजवर आणि अंगठ्याने वाजवायचं. ज्यासाठी इतर लोक महिना घालतात ते तुम्हाला आजच येतं. फक्त तळवा तिथे कायमचा मुक्कामाला ठेवायचा नाही.

इलेक्ट्रिक सोडू नका. रोज आधी नायलॉन, मग इलेक्ट्रिक, हा क्रम ठेवा, कारण उलट केलं तर पहिला अर्धा तास हात पिकच्याच तालात असतो. हायब्रिड पिकिंग मात्र कमी करा, स्टीलच्या तारा मध्यमा-अनामिकेची नखं खाऊन टाकतात. आणि आवाज पातळ येतो म्हणून क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवायचा मोह झाला तर आवरा. अकूस्टिकच्या स्टील सेटचा ताण ७० किलोच्या घरात जातो, क्लासिकलचा ब्रिज त्यासाठी बनवलेला नसतो, तो उखडतो.

शिक्षक शोधताना एक बघा. गिटार क्लास गल्लोगल्ली आहेत, पण लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांतसुद्धा क्लासिकल गिटार, अकूस्टिक गिटार आणि रॉक अँड पॉप हे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. ‘ग्रेड घेतो’ म्हणणाऱ्याला कोणत्या, ते विचारा. आणि त्याला एक साधा सी मेजर स्केल आधी रेस्ट स्ट्रोकने, मग फ्री स्ट्रोकने वाजवून दाखवायला सांगा. राग आला तर दुसरा बघा.

राहिलं ‘रेकुएर्दोस’. वर्षभरात नाही. अंगठा खर्ज वाजवतो आणि अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच तारेवर एकामागून एक, हे जे अखंड थरथरणं ऐकू येतं, ते वेगाने केलेलं ‘बसलं, दाबलं, सुटलं’ आहे. मधल्या काळात गिटारवादक कार्कासीच्या ओपस ६० मधला तिसरा अभ्यास घ्या, तिथे आर्पेजिओ चालू ठेवून वरची चाल अनामिकेने गायला लागते, आणि तुमची अनामिका सर्वात कच्ची आहे. ट्रेमोलोची तयारी हवी तर रोज पाच मिनिटं, मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एकच स्वर : अंगठा, अनामिका, मध्यमा, तर्जनी. दर वेळी पुढचं बोट लगेच तारेवर बसवून आधीचा स्वर तोडायचा, म्हणजे स्वर आखूड, तुटक आले पाहिजेत. चारही स्वर डोळे मिटून ऐकल्यावर कोणता कोणत्या बोटाचा ते ओळखू येईनासं झालं, की ठोक्याला दोन करा, मग चार. सराव दुसऱ्या तारेवर करा, पहिलीवर नको. पहिलीच्या खाली शेजारच नाही, त्यामुळे तिथे बोटं कितीही पसरली तरी खपून जातं. दुसरीवर ती लगेच पहिलीला धडकतात आणि कळतं.